ऑस्करने ‘गेली’ म्हटलेली डिस्क

वसईजवळच्या भुईगावात कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला, प्रिंटर अडला, की लोक आधी ऑस्कर तुस्कानोकडे जात. त्याचं दुकान नव्हतं. वालीवला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात तो तरुणपणी इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. तिथल्या ऑफिसात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची वायरिंग करता करता तो ते उघडायला शिकला, आणि हळूहळू ऑफिसातली सगळी यंत्रं त्याच्याच गळ्यात पडली. संध्याकाळी कामावरून आला की घराच्या ओटीवर कुणीतरी पिशवीत सीपीयू घेऊन बसलेलं असे. तो पैसे घेत नसे. लोक मग केळ्यांची फणी, पापडीच्या शेंगा, कुणी घरच्या कोंबडीची अंडी आणून ठेवत.

पैसे घेत नसला तरी मान मात्र तो मनापासून घेई. यंत्र टेबलावर ठेवलं की घरातले, शेजारचे असे चार जण भोवती उभे राहत. ऑस्कर झाकण काढी, वाकून कान लावी, एक-दोन वायरी हलवून बघी, आणि मग निकाल देई. “रॅम हललीय.” “पंख्यात धूळ बसलीय.” किंवा नुसतं, “गेली.” तो ‘गेली’ म्हणाला की पुढे कुणी काही विचारत नसे. ती वस्तू त्याच्याच मागच्या खोलीतल्या खोक्यात जाई आणि माणूस हळहळत घरी जाई.

त्याची बायको फेलिशिया शाळेत शिकवायची. ती कधी कधी म्हणे, “डॉक्टरसुद्धा इतक्या झटपट सांगत नाहीत रे.”

तो हसे. आतून त्याला ते आवडायचं.

मागच्या गल्लीत ॲन्सेल्म राहायचा. ऑस्करपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा, लहानपणापासूनचा सोबती. मोगऱ्याची आणि केळीची वाडी होती त्याची. पण गावाला तो माहीत होता त्याच्या आवाजामुळे. लग्नात गाणी त्यानेच उचलायची, चर्चच्या सणाच्या दिवशी वस्तूंचा लिलाव त्यानेच पुकारायचा, गावच्या नाटकात राजा असो की हवालदार, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो माईकशिवाय ऐकू जायचा. त्याच गळ्याला कर्करोग झाला. मुंबईला ऑपरेशन करून डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. त्यानंतर ॲन्सेल्म वर्षभर जगला. खुणा करायचा, हसायचा, वाडीत फिरायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तो गेला तेव्हा त्याचा आवाज ऐकून गावाला वर्ष झालं होतं.

अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांनी त्याची बायको रेजिना घरचा सीपीयू घेऊन ऑस्करकडे आली. मुलगा जेन्सन बोटीवर नोकरीला, तो परत गेला होता. घरात ती आणि ॲन्सेल्मची म्हातारी आई एवढ्याच.

“चालूच होत नाही बघ,” रेजिना म्हणाली. “कॉम्प्युटरचं मला काही नाही. फोटो आहेत माझ्याकडे अल्बममध्ये. पण व्हिडिओ सगळे ह्यातच आहेत. त्यात त्याचा आवाज आहे, ऑस्कर.”

त्या संध्याकाळी ऑस्करच्या नात्यात एका लग्नाची पार्टी होती. फेलिशिया साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी होती. ऑस्करने घाईघाईने डिस्क बाहेर काढली आणि टेबलावरच्या आपल्या नेहमीच्या केबलला लावली. पडद्यावर काही दिसलं नाही. काढून पुन्हा लावली. पुन्हा काही नाही. आता केबल बदलून पाहायची, दुसऱ्या मशीनला जोडून पाहायची, हे त्याला ठाऊक होतं. एरवी त्याने ते केलंही असतं. पण दारातून फेलिशियाने हाक मारली, रेजिना समोर उभी होती, आणि त्याच्या जिभेने सवयीने निकाल देऊन टाकला.

“गेली, वहिनी.”

“काहीच नाही का होणार?”

“नाही. मोटरच बसलीय आतली.”

मोटर बसली आहे की नाही हे त्याने पाहिलंच नव्हतं. नुसतं ‘गेली’ म्हणणं तिच्यासमोर अपुरं वाटलं, म्हणून त्याने कारण जोडून दिलं.

रेजिनाने त्या उघड्या सीपीयूकडे बघितलं. मग म्हणाली, “तू म्हणतोस म्हणजे गेलीच.”

त्याने डिस्क तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला. “काय करू नेऊन? ठेव तुझ्याकडेच.”

पुढच्या रविवारी त्याने तिच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवून दिली. जुनीवर पांढरी पट्टी चिकटवून तिचं नाव टाकलं, कारण तशी त्याला सवय होती, आणि ती खोक्यात टाकली. नंतर तो ते विसरला. अगदी साफ विसरला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ऑस्करची आई इझाबेल न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ऐंशी ओलांडलेली बाई, पुन्हा पूर्वीसारखी चालती झाली नाही. तिला सगळ्यांत जास्त लागलं ते चर्चला जाणं बंद झाल्याचं. चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, इंटरनेटवर दिसायची, पण फेलिशियाच्या मोबाइलवर फादर बोटाएवढे दिसत आणि म्हातारी फोन डोळ्यांशी नेऊन दमून जाई. तिच्या खोलीत टीव्ही होता, तो जुना. इंटरनेट वगैरे त्याला माहीत नव्हतं.

“मी बनवतो तुला यंत्र,” ऑस्कर म्हणाला. “टीव्हीला जोडायचं. त्यावर मिस्सा बघ, जुने सिनेमे बघ, नातवंडांचे फोटो बघ.”

“अरे, तसला छोटा डबा तयार मिळतो बाजारात,” फेलिशिया म्हणाली.

“घरात एवढं सामान पडलंय ते कशाला?”

सामान खरंच होतं. मागच्या खोलीत एकावर एक खोकी. कारखान्याने रीतसर भंगारात काढलेला एक मदरबोर्ड त्याला मिळाला होता, तो धडधाकट होता. दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमधली रॅम बसत नव्हती म्हणून एका जुन्या मशीनची काढली. पॉवर सप्लायचा पंखा घरघर करायचा. आईला मिस्सेत घरघर नको म्हणून त्याने तो काढून मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावला. सगळं बसवायला त्याने वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर घेतला. आतलं जळून कधीचं गेलं होतं, पण सागवानी खोकं अजून चकचकीत होतं. मागच्या बाजूला त्याने हवेसाठी भोकं पाडली, कानस लावून कडा गुळगुळीत केल्या. रिमोटवर एकाच बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ते दाबलं की थेट मिस्सा. काही रविवार त्याचे असे फार आनंदात गेले. इझाबेल खुर्चीत बसून बघायची आणि मध्येच विचारायची, “ह्यात फादर कुठून येणार?”

शेवटी राहिली डिस्क. सिनेमे आणि फोटो ठेवायला मोठी डिस्क हवी होती. ऑस्करने खोक्यातल्या सगळ्या जुन्या डिस्का टेबलावर ओतल्या. एखादी तरी थोडीफार चालेल, असा विचार. नव्या यंत्रासाठी त्याने नवी केबल आणली होती. त्या केबलला एकेक डिस्क लावत गेला. बऱ्याच खरंच मेलेल्या होत्या, खरखर करून थांबायच्या. मग एक फिरू लागली. आवाज स्वच्छ, पडद्यावर नावही आलं. आत काय आहे ते नंतर बघून पुसू, असं म्हणत त्याने ती उलटी करून खोक्याच्या तळाला स्क्रूने आवळली. नावाची पट्टी खाली गेली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने ते खोकं इझाबेलच्या खोलीत नेऊन टीव्हीला जोडलं. फेलिशिया शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती. टीव्हीवर निळा पडदा आला, आणि त्या यंत्रातल्या प्रोग्रामने आपणहून डिस्कवरचे व्हिडिओ गोळा करून त्यांची छोटी छोटी चित्रं ओळीने मांडायला सुरुवात केली. एखाद्या लग्नाचा मांडव. केक कापणारं कुणीतरी. पांढऱ्या कपड्यांतला एक मुलगा, हातात मेणबत्ती.

इझाबेलने चष्मा पुसला. “हा जेन्सन ना रे? आणि हा ॲन्सेल्म. होय ना?”

ऑस्करच्या हातातला रिमोट तसाच राहिला.

“लाव की,” आई म्हणाली.

त्याने लावला. कॅमेरा हलत होता, ॲन्सेल्मच्याच हातात असावा. ओटीवर त्याची म्हातारी आई केळी सोलत बसली होती. आणि खोलीभर तो आवाज आला, भरदार, थोडा खोडकर. “आय, इकडे बघ. अगं लाजतेस काय, तुझं काय लग्न आहे? बघ, बघ, हसली! जेन्सन, आजी हसली बघ!”

इझाबेलने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूस केला. “देवा रे. त्याचाच आवाज.”

 ऑस्करने टीव्ही बंद केला, खोकं उचलून मागच्या खोलीत नेलं आणि डिस्क काढून उलटी केली. पट्टीवर त्याच्याच अक्षरात रेजिनाचं नाव होतं. त्याने टेबलावरची जुनी, नेहमीची केबल घेतली आणि तीच डिस्क तिला लावली. पडद्यावर काही नाही. नवी लावली. डिस्क आली. जुनी लावली. नाही आली.

केबल खराब होती. मोटर, डिस्क, काही नाही. एक केबल. बदलून पाहायला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला असता.

टेबलावर बाकीच्या डिस्का पसरल्या होत्या. त्यांतल्या आणखी दोन-तीन नव्या केबलवर जिवंत निघाल्या. त्यांच्यावरही त्याच्याच हातच्या पट्ट्या होत्या. त्याने त्या खोक्यात परत ठेवल्या आणि वरून पुठ्ठ्याचा तुकडा टाकला, कुणी बघेल म्हणून. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं.

फेलिशिया परत आली तेव्हा इझाबेलने तिला आधीच सांगून टाकलं होतं. ती धावत मागच्या खोलीत आली. “ॲन्सेल्मचे व्हिडिओ निघाले? रेजिनाला सांगितलंस?”

“थांब, मी सांगतो.”

पण फेलिशियाच्या हातात फोन होता आणि तो लागला होता.

रेजिना तशीच आली, हाताला पीठ लागलेलं. इझाबेलच्या पलंगाच्या कडेवर बसली. ऑस्करने खोकं परत जोडलं आणि तोच व्हिडिओ लावला. ॲन्सेल्म बोलू लागला तशी तिने पिठाचा हात तोंडावर धरला. रडली नाही, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “परत लाव. परत लाव.” शेवटी ती उठली आणि तिने ऑस्करचा हात दोन्ही हातांत धरला.

“कसं काढलंस रे? तू तर म्हणाला होतास गेली.”

हीच वेळ होती. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. पण तिचे डोळे भरले होते, फेलिशिया शेजारी अभिमानाने उभी होती, आणि ऑस्कर म्हणाला, “सोडलं नव्हतं मी, वहिनी. अधूनमधून बघत होतो. बरेच प्रयत्न करावे लागले.”

“तरी मी म्हणत होते, ऑस्कर असा सोडणार नाही,” रेजिना म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “सासू असती तर रे. मागच्या नाताळाआधी गेली ना ती, तर शेवटी शेवटी रोज म्हणायची, माझ्या पोराचा आवाज लाव. मी सांगायची, नाही आई, ऑस्करने बघितलं, गेला तो. मग गप्प व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज असती तर केवढी खूश झाली असती.”

हे ऑस्करला ठाऊक नव्हतं. म्हातारीला पोचवायला तो गेला होता, शवपेटीला खांदाही दिला होता. पण हे ठाऊक नव्हतं.

रेजिना गेल्यावर इझाबेलने चष्मा काढून उशाशी ठेवला. मग तिने विचारलं, “तू अधूनमधून बघत होतास?”

तो केबल गुंडाळत राहिला.

“मी तर इथेच बसले होते,” ती म्हणाली. “एका दुपारी जोडलंस तू.”

मग ती उशाखालची रोझरी काढून मणी मोजायला लागली.

बातमी गावभर झाली. दुसऱ्या रविवारी फादरांनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं की आपल्या गावात एक माणूस आहे, ज्याने एका विधवा भगिनीचं गेलेलं सुख मोठ्या चिकाटीने परत आणून दिलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. बाकावरच्या सगळ्या माना ऑस्करकडे वळल्या. तो समोरच्या बाकाच्या लाकडाकडे बघत बसला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. फेलिशियाने कोपराने हळूच ढोसलं, तिला वाटलं तो लाजतोय.

लाजतच होता तो. पण ज्या कारणाने तिला वाटत होतं त्या कारणाने नाही.

रेजिनाने उन्हात वाळवलेल्या केळ्यांची घरची सुकेळी आणून दिली, केळीच्या सोपटात बांधलेली. ॲन्सेल्म असताना ती त्याच्याच हातची असायची. फेलिशियाने ताटलीत काढून पुढे ठेवली. ऑस्करने एक तोंडात घातली आणि ती त्याला गिळवेना. पाणी पिऊन कशीबशी उतरवली. नंतर म्हणाला, माझं पोट बरोबर नाही. त्यानंतर ती ताटली दिसली की तो स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा. गल्लीत रेजिना समोरून येताना दिसली तर विहिरीच्या बाजूच्या वाटेने वळायचा. मोटारसायकल असली तर जास्त जोरात न्यायचा, जणू घाई आहे.

लोक आता लांबून यायला लागले. नाळ्याहून एक बाई आली, निर्मळहून एक निवृत्त मास्तर. “तुम्ही मेलेल्यातून काढता म्हणे.” प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता हा माणूस विचारेल, मग आधी का नाही काढलं? कुणीच विचारत नव्हतं. चांगल्या बातमीला लोक प्रश्न विचारत नाहीत. ते कौतुकच त्याला फोडून काढत होतं.

एकदा आईच्या पायाला तेल लावत असताना ती म्हणाली, “काल रेजिना बसून गेली. तू कामावर होतास. म्हणाली, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत ऑस्करचं नाव घेते मी.” थोड्या वेळाने म्हणाली, “मी काय बोलणार तिला? तुझी आई आहे मी.”

ऑस्करने तेलाची वाटी खाली ठेवली. आपण एकटेच खोटं बोललो असं त्याला इतके दिवस वाटत होतं. आई रोज त्याच्यासाठी गप्प बसत होती, अंथरुणावर पडून, हातात रोझरी घेऊन. ते त्याला सोसलं नाही.

तेवढ्यात सणाच्या समितीकडून निरोप आला. यंदा सणाच्या दिवशी कार्यक्रमात ऑस्करचा सत्कार. शाल, श्रीफळ, आणि शाल घालणार रेजिना.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. सकाळीच रेजिनाच्या वाडीत गेला. ती मोगरा खुडत होती, कमरेला फडक्याची झोळी बांधून. त्याला बघून तिला आनंद झाला.

“ये. किती दिवसांनी. चहा ठेवू?”

“नको वहिनी. तुम्हाला सांगायचं होतं काही.”

तिने खुडणं थांबवलं नाही. तो उभ्या उभ्या बोलला. पार्टीला जायची घाई होती, केबल बदलून बघितली नाही, मोटरचं आपल्या मनाने सांगितलं. दोन वर्षं डिस्क खोक्यात पडून होती, एकदाही हात लावला नाही. आईसाठी यंत्र बनवताना चुकून लागली. प्रयत्न वगैरे काही नाही. सगळं सांगून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण वाक्यं फार भरभर बोललोय, आणि एकदाही तिच्याकडे बघितलेलं नाही.

रेजिनाचे हात थांबले होते.

“म्हणजे तेव्हाही होतं सगळं त्यात,” ती म्हणाली.

“होतं.”

“सासू होती तेव्हा.”

“हो.”

तिने झोळीतल्या कळ्यांकडे बघितलं.  विहिरीवरचा पंप चालू होता, पाटातून पाणी केळींच्या बुंध्याकडे जात होतं.

“तुला माहितीय,” ती शेवटी म्हणाली, “ती शेवटी शेवटी मला म्हणायची, तूच लपवून ठेवलंस. मला ऐकू देत नाहीस. डोकं जरा फिरलं होतं तिचं. माझ्यावर रागावूनच गेली ती.”

ऑस्करने काही बोलण्यासाठी तोंड उघडलं.

“माफी नको मागूस आत्ता,” रेजिना म्हणाली. “मला नाही जमणार काही म्हणायला. तू जा.”

तो गेला. वाटेत कुणीतरी हाक मारली तर त्याला ओळखू आलं नाही कोण.

समितीला त्याने सांगितलं की सत्कार नको. समितीचे अध्यक्ष रामनाथ पाटील, वसईत पोस्टात होते, आता निवृत्त. हसून म्हणाले, “असा नम्रपणा करू नकोस रे. गावाची इच्छा आहे.” बाकीचेही हसले. हा नम्रपणा नाही हे त्यांना कळेना. मग चर्चच्या हॉलमध्ये त्या पाच-सहा माणसांसमोर ऑस्करने पुन्हा सगळं सांगितलं. रेजिनाला सांगताना जमलं नाही ते इथे जमलं, तो सावकाश बोलला. आणि खोक्यातल्या बाकीच्या डिस्कांचंही बोलला. “आणखी काही जणांना मी गेली म्हणून सांगितलंय. त्या गेलेल्या नव्हत्या.”

कुणी हसलं नाही. पंखा फिरत होता. रामनाथ पाटलांनी समोरचा कागद घडी केला, उलगडला. “बरं,” ते म्हणाले. “बरं, मग राहू दे.” एकाने विचारलं, “माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते रे तुझ्याकडे दिलेले. ते?” ऑस्कर म्हणाला, “आहेत. उद्या आणून देतो.” त्या माणसाने मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं.

त्या आठवड्यात तो एकेका घरी गेला. कुणी डिस्क हातात घेऊन आत गेलं आणि पाणीही विचारलं नाही. एका घरी म्हातारे काका मोठ्याने हसले, “अरे, मी तर त्यातलं काय होतं तेही विसरलो,” आणि त्यांच्या सुनेने मागून त्यांना गप्प केलं. फेलिशियाला त्याने घरीच सांगितलं होतं. ती चिडली, खूप चिडली. तिचं म्हणणं, त्या दिवशी दारात उभं राहून घाई कुणी केली? मीच ना? मला का नाही बोललास? दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी त्याच्या डब्यात तिने नेहमीसारखं लोणचं घातलं होतं. त्यावरून त्याला कळलं, राग उतरलाय.

सणाच्या दिवशी शाल गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेला दिली गेली. ऑस्कर मागच्या बाकावर बसला होता. रेजिना पुढे होती. मिस्सेत शांतीचा आशीर्वाद देताना लोक एकमेकांकडे वळतात, नमस्कार करतात. ती वळली, तिची नजर त्याच्यावरून गेली, आणि शेजारच्या बाईवर थांबली.

ओटीवर माणसं येणं कमी झालं. पूर्ण बंद झालं नाही. कारण दुसरं जवळपास कोण होतं? पण आता ती चार माणसं भोवती उभी राहत नसत. यंत्र ठेवून जात, दोन दिवसांनी येत. ऑस्कर आता एकेक गोष्ट बदलून बघे, आणि तरी नाही जमलं तर सांगे, मला हे एवढं करून झालं, इथे अडलं. इझाबेल लाल ठिपक्याचं बटण दाबून रोज मिस्सा बघायची. फादर आता मोठे दिसायचे. पंख्याचा आवाज येत नव्हता. त्या यंत्राचं कुणी कौतुक केलं की ऑस्कर विषय बदलायचा.

पुढच्या उन्हाळ्यात जेन्सन बोटीवरून सुट्टीला आला. त्याचा लॅपटॉप समुद्रावरच्या दमट हवेत बंद पडला होता. एका संध्याकाळी रेजिना स्वतःच तो घेऊन ऑस्करच्या ओटीवर आली. तेवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. ती बसली नाही.

“तपासून सांग,” ती म्हणाली. “वेळ लागला तरी चालेल.”

त्याने तो आठवडाभर ठेवला. पूर्ण उघडला, वाळवला, ब्रशने साफ केला, केबली बदलल्या, दुसऱ्या मशीनला जोडला. आतल्या बोर्डावर मिठाचा पांढरा थर चढून तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. डिस्क निघत नव्हती, ती बोर्डावरच पक्की बसवलेली होती. मग तो तिच्या घरी गेला आणि दारातच उभं राहून सगळं सांगितलं, काय काय करून बघितलं ते. बोर्डाचा तो भागही दाखवला.

“माझ्याच्याने नाही होणार, वहिनी. पण माझ्यावर थांबू नका. वसईत स्टेशनजवळ एकजण फक्त बोर्डाचीच कामं करतो, त्याला दाखवा.”

रेजिनाने लॅपटॉप घेतला. “दाखवते,” ती म्हणाली.

आणि तिने खरंच दुसऱ्याला दाखवला. ते ऐकून ऑस्करला थोडं लागलं, आणि लागलं याचीही लाज वाटली. आपणच सांगितलं होतं.

काही दिवसांनी तो कामावरून येत असताना रेजिना कुंपणाशी उभी होती. त्याने मोटारसायकल हळू केली.

“तिथेही तेच म्हणाले,” ती म्हणाली.

“हो का.”

“हो.”

ती आणखी काही म्हणेल म्हणून तो थोडा थांबला. तिने वाळत घातलेले कपडे दोरीवरून काढून खांद्यावर टाकले आणि आत गेली.